तवलीला तडा नव्हता, वहिनी

वहिनी, तुझा फोटो बायपासला लागला होता.

तुझ्या निलेशच्या लग्नातला, अबोली शालूतला. फोटोग्राफर ओरडून ओरडून दमला तरी तू कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून वाढप्यांकडे बघत होतीस, तोच. त्याखाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘आईच्या हातची चव, मातीच्या भांड्यात’. आणि बॅनरखाली टेबलांवर कालवणाच्या मातीच्या तवल्या, मडकी, भाकरीच्या खापऱ्या ओळीनं मांडलेल्या. अशा चकचकीत, की त्यात बघून कुंकू लावावं. तुझ्या तेराव्याची पातेली मंडपवाल्याकडे परत जायची होती अजून. सुतक फिटलं आणि बॅनर लागला.

मी रोह्याहून आले होते तुझ्या साड्यांची वाटणी करायला. स्नेहलचा फोन आला होता, आत्या तुम्ही या, मला एकटीला आईंचं कपाट उघडवत नाही. सुनेला सासूचं कपाट उघडवत नाही हे ऐकून मला बरंच वाटलं होतं. गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत तुझाच विचार चाललेला. डोळे पुसत होते, शेजारच्या बाईनं चणे पुढे केले तेव्हा तेही खात होते. पेणला उतरून रिक्षा केली, रिक्षावाल्यानं ती बायपासनं घेतली, आणि तुझा फोटो दिसल्याबरोबर माझं रडू जागच्या जागी आटलं.

गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत बापडे. निलेशवरचा राग मी त्याच्या तोंडावर काढून आलेय. तुझ्यावरचा कुठे नेऊ? तुझा फोन अजून स्नेहलच्या उशाशी चार्जिंगला असतो, पण तो उचलणारी तू नाहीस. म्हणून लिहायला बसले.

माझं लग्न होऊन मी रोह्याला निघाले, तेव्हा सगळ्यांचा आहेर स्टीलचा होता आणि तुझी एक काळीभोर तवली होती. जुन्या साडीत गुंडाळलेली. नवरा कसा सांभाळायचा ते तू एका वाक्यात उरकलंस, की त्याच्याकडे फार लक्ष देऊ नको. तवली कशी सांभाळायची ते मात्र घरापासून स्टेशनपर्यंत सांगत आलीस. शिजवायचं भांडं कोरं हवं, हा तुझा पहिला नियम. रंग नाही, पॉलिश नाही, नुसती भाजलेली माती. बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर कुंभार सख्खा मामा असला तरी परत ठेवायचं. आतून ओलं पांढरं फडकं फिरवायचं आणि फडक्याला लाली लागली तर नमस्कार करून निघायचं. पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे, मातीनं ते प्यायला हवेत. थेंब मोत्यासारखे वर घरंगळत राहिले तर समजायचं, वर काहीतरी चोपडलंय.

घरी आणल्यावर दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायची. पहिल्यांदा तिच्यात तांदळाची पेज मंद आचेवर शिजवायची आणि ती पेज आपण न पिता गुरांना घालायची. मग कालवण. रिकामी तवली विस्तवावर ठेवायची नाही, आच एकदम वाढवायची नाही, उतरवलेली तवली ओल्या ओट्यावर टेकवायची नाही. घासायला काथ्या आणि राख. साबणाचं नाव काढलं तर तू भुवई अशी वर करायचीस, जसं काही मी चोरी करायला निघालेय. “मातीला जे पाजशील ना कुंदे, तेच ती उद्या तुला जेवायला घालील,” हे तुझं वाक्य. धुतली की उताणी उन्हात, नाहीतर आतून बुरशी. वास गेला नाही किंवा तडा गेला, की मोह न करता झाडाच्या बुडाशी.

प्लॅटफॉर्मवर गाडी लागली तरी तुझं चालूच होतं. मी म्हटलं होतं, वहिनी, मी सासरी चाललेय, कुंभाराकडे नाही. तू हसलीस आणि मग लगेच रडलीस.

ती तवली गेली, तिच्यानंतरच्या गेल्या. प्रत्येक वेळी नवी तूच वाजवून घेऊन दिलीस. धाटावच्या केमिकल कंपनीत मी जन्मभर स्टोअरला होते. ड्रम मोजायचे आणि ड्रमवरची लेबलं वाचायची, हे माझं काम. कुठलं हाताला लागू द्यायचं नाही, कुठलं विस्तवाजवळ न्यायचं नाही, हे सगळं मला पाठ. शिफ्ट संपवून, त्या वासातून घरी आल्यावर तुझ्या तवलीत बांगड्याचं कालवण रटरटायचं तेव्हा वाटायचं, चला, आपल्या घरात एक तरी वस्तू अशी आहे जिला लेबल नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कालवणात कोकम घातलंस का ते सांग आधी.

आता आपल्या घराबद्दल बोलू. बाहेरच्या माणसाला वाटेल, असा मूर्खपणा कुणी करतं का. करतं. आपल्याकडेच करतात. आपला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. ज्याचा जन्म अशा कारखान्यात गेला, त्याला कोरी माती बघवत नाही. कोरी म्हणजे त्याला अर्धवट वाटते. हात आपोआप ब्रशाकडे जातो. दादाचा जायचा, निलेशचा जातो. एकदा दादानं तुळशीवृंदावनाला सोनेरी रंग काढला होता आणि तू आठवडाभर त्याला चहा कोरा दिला होतास. तुझा उंबरा ठरलेला होता. उंबऱ्याच्या अलीकडे गणपती, पलीकडे चूल. रंगाच्या हातानं माठातलं पाणी घ्यायचीसुद्धा सोय नव्हती. मूर्तीवरची लकाकी देवाला शोभते, तू म्हणायचीस, कारण देवाला ती पोटात घ्यायची नसते.

आणि त्याच घरातला लेक गणपती संपल्यावर कारागिरांचे हात रिकामे नकोत म्हणून कुंभाराकडच्या कोऱ्या तवल्या आणतो, त्यांना लाल रंग देतो, वरून मूर्तीचं वॉर्निश स्प्रेगननं मारतो. फार्महाऊसवाले गाड्या थांबवतात. अय्या, किती सुंदर. सुरुवातीला निलेश प्रत्येकाला सांगायचा, ही शोभेची आहेत. फुलं ठेवा, दिवे ठेवा. मग लोक विचारायला लागले, यात बिर्याणी होईल का? मग तो ‘शोभेची’ हा शब्द हळू आवाजात सांगायला लागला. मग विचारल्याशिवाय सांगेना. मग विचारलं तरी सांगेना.

हे तुला माहीत होतं. मी सांगितलं होतं. त्या रंगाच्या डब्यांवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचून दाखवली होती तुला, तुझ्याच ओट्यापाशी. हा रंग लाकडाला, लोखंडाला, मूर्तीला. त्यात शिसं आहे की आणखी काय, कुणी सांगू शकत नाही. आचेवर तो मऊ पडणार, चिंच-कोकम त्याला खाणार आणि माणसं ते कालवण खाणार. चकाकी हवीच असेल तर भट्टीत भाजलेली वेगळी मिळते, आणि तिचीसुद्धा आधी चौकशी करून घ्यावी लागते. हे तर वरून फासलेलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “पोरगा हाय गो. समजल हळूहळू.” पोरगा! त्याच्या डोक्याला टक्कल पडायला लागलंय, वहिनी.

आणि मग ती पोपटी.

जोहे गावाजवळच्या शेतात, थंडीत. निलेशनं ठाण्याची माणसं बोलावली होती. मोठी ऑर्डर द्यायची त्यांची बोलणी चालली होती. वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, भांबुर्डीचा पाला, सगळं मांडलेलं. निलेशनं गाडीतून मडकं काढलं ते त्याचं. लालभडक, आरशासारखं. पाहुण्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. ते मडकं भरून, पाल्यानं तोंड बंद करून पालथं घालायचं, त्यावर पेंढा पेटवायचा आणि त्यातलं माणसांना खायला घालायचं, हे तिथल्या एकाला खटकलं नाही.

तू उठलीस. मला वाटलं, आज बोलणार. माझा जीव सुपाएवढा झाला. तू मडकं मांडीवर घेतलंस, पेरानं वाजवलंस, कान लावलास. आणि म्हणालीस, “ह्याला तडा गेलाय रे. जाळात फुटल.”

मी तुझ्या शेजारी होते. ते मडकं देवळातल्या घंटेसारखं वाजलं होतं.

मग तू पिशवीतून स्वतःचं जुनं काळं मडकं काढलंस. म्हणजे घरून निघतानाच ठरवून आली होतीस. पोपटी झाली, वरून पाणी शिंपडल्यावर चर्र आवाज आला, मडकं उघडलं, सगळ्यांनी बोटं चाटली. कुणाला काही झालं नाही. तू सगळ्यांना वाचवलंस, यात वाद नाही. त्याबद्दल मी हात जोडते. पण त्या बांधावर मी तुला बाजूला घेऊन विचारलं, की खरं का नाही सांगितलंस, तेव्हा तू काय म्हणालीस? “चारचौघांत लेकाला पाडू काय?”

मी म्हटलं, मग घरी सांग. तू म्हणालीस, सांगीन. मी म्हटलं, तू नाही सांगणार. तू म्हणालीस, तुला पोर नाय, तुला नाय कळायचं.

तेवढं बोलायला नको होतंस. परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि मी कंडक्टरशी उगाच सुट्ट्यांवरून भांडले. त्यानंतर आपण फोनवर बोललो, सणाला भेटलो, तू मला वालाचं बिरडं बांधून दिलंस. पण तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. मला वाटायचं, काढू कधीतरी. घाई काय आहे.

तू का गप्प होतीस ते मला कळत नव्हतं असं नाही. निलेश दहावीच्या सुट्टीत पहिल्यांदा डोळ्यांच्या आखणीला बसला, एका मूर्तीचा डोळा फिरला, आणि दादानं सगळ्या कारागिरांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. पोर तो अख्खा हंगाम कारखान्यात आलं नाही. त्या संध्याकाळी तू मला म्हणाली होतीस, की यापुढे ह्याला कुणासमोर खाली बघायला लावणार नाही मी, जीव गेला तरी. मला वाटलं होतं, रागाच्या भरात बोलतेस. तू तर ते अक्षरशः पाळलंस.

तर काल. रिक्षातून उतरले, तेव्हा टेबलाशी एक बाई उभी होती. खांद्यावर तान्हं मूल, झोपलेलं. तिनं लहानशी तवली उचलली होती आणि निलेशला विचारत होती, यात बाळाची नाचणीची पेज केली तर चालेल ना. आणि तुझ्या लेकानं, वहिनी, मान वर करून तुझ्या फोटोकडे बोट दाखवलं. म्हणाला, आमच्या आईनं आम्हाला असल्याच भांड्यातली पेज भरवलीय.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. त्या बाईच्या हातातली तवली घेतली आणि आत पाणी ओतलं. थेंब घरंगळले. मी तिला म्हटलं, बाई, हिला गणपतीचं वॉर्निश मारलंय. हिच्यात फुलं ठेवा, पेज करू नका. ह्या फोटोतली बाई माझी भावजय, ती असती तर तिनं ही तवली अंगणातसुद्धा येऊ दिली नसती. शिजवायला हवी तर कोरी घ्या, काळी नाहीतर विटकरी, वाजवून घ्या. ती बाई एकदा माझ्याकडे आणि एकदा निलेशकडे बघून निघून गेली. बाळ तेवढ्यातही उठलं नाही.

निलेश दातओठ खात म्हणाला, आत्या, घरातलं घरात बोलू. मी म्हटलं, घरात गप्प बसूनच हे इथवर आलंय. त्याचा आवाज चढला. शेजारचा टायरवाला बाहेर येऊन बघायला लागला. आणि मग त्यानं ते म्हटलं, जे तो म्हणणार हे मला त्या बांधावरच माहीत होतं. “आईनं कधी नाय म्हटलं नाय. तिच्यासमोर मी रंगवायचो. एकदा तरी बोलली?”

मी म्हटलं, पोपटीला तुझं मडकं बाजूला कुणी काढलं?

“त्याला तडा गेला होता.”

“तडा नव्हता, निलेश.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वेडी झालेय की काय, असं बघत होता आधी. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि टेबलावरच्या तवल्यांवरून हात फिरवत, अगदी हळू म्हणाला, “त्याच्यानंतर मी दोन हात द्यायला लागलो, आत्या. तडे जाऊ नयेत म्हणून.”

ऐकतेस ना, वहिनी? तू तडा म्हणालीस आणि त्यानं तुझा शब्द खाली पडू दिला नाही. वॉर्निशचा आणखी एक हात. तुझ्या त्या नेहमीच्या कुंभाराशी, ज्याच्याकडून तू जन्मभर भांडी घेतलीस, त्याच्याशी जाऊन भांडला, ‘तू मला फुटका माल घातलास’ म्हणून. त्याचं घेणंच बंद केलं. त्या माणसानं काय घोडं मारलं होतं तुझं? तुझ्या तेराव्याला तो येऊन मांडवाच्या कडेला बसला होता आणि निलेशनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग निलेशनं विचारलं, तिनं मला सांगितलं का नाही. ह्याचं उत्तर तू द्यायचं होतंस. ते माझ्या गळ्यात पडलं. भर रस्त्यावर, ट्रक जात असताना, मी त्याला दादानं थोबाडीत दिल्याची गोष्ट सांगितली. तुझी शपथ सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कुठली थोबाडीत? बाबा सगळ्यांनाच मारायचे.

त्याच्या लक्षातसुद्धा नाही, वहिनी. जे त्याला आठवत नाही, ते तू उराशी धरून बसलीस आणि त्यापायी जन्मभर त्याला एक खरं वाक्य सांगितलं नाहीस. मला पोर नाही, बरोबर. पण मला एवढं कळतं, की लेकराला काच हातात घेताना बघून जी आई ‘शाब्बास’ म्हणत नाही पण ‘टाक’ असंही म्हणत नाही, तिच्या मायेचा त्या लेकराला उपयोग काय. मला तुझा संताप येतो. इतका, की तुझ्या साड्यांच्या चांगल्या घड्या मी मोडून परत परत घालत होते. स्नेहल म्हणाली, आत्या, बसा जरा. मी बसले आणि तुझ्या इरकलीत तोंड खुपसून ओरडले. रडले नाही, ओरडले.

संध्याकाळी त्यानं बॅनर उतरवला. फोनवरून ज्यांनी भांडी मागवली होती त्यांना एकेकाला सांगितलं, त्यात शिजवू नका, परत पाठवा. दोघा-तिघांनी शिव्या दिल्या, त्यानं ऐकून घेतल्या. आज सकाळी कुंभाराच्या दारात जाऊन आला. पण गाडी थांबवून ज्यांनी नेलं, त्यांना तो कुठं शोधणार? कुणाच्या घरी आत्ता त्या तवलीत काय शिजतंय, हे त्याला माहीत नाही, मला माहीत नाही. ह्या विचारानं तो जेवला नाही. मीही नाही.

तू त्या दिवशी शेतात एवढंच म्हणाली असतीस, निलेश, ह्या रंगात जेवण शिजत नाय. पाहुण्यांपुढे त्याचं तोंड उतरलं असतं. घरी येऊन ताट सरकवलं असतं, चार दिवस तुझ्याशी अबोला धरला असता. पाचव्या दिवशी भूक लागली की कण्हत-कुथत तुझ्याच मागे स्वयंपाकघरात आला असता, आणि तू काही न बोलता वाढलं असतंस. संपलं असतं. काल रात्री तो बॅनरची घडी घालता घालता थांबला आणि तुझ्या फोटोला म्हणाला, “आई, तू चुकलीस.” आणि तिथंच उभा राहिला, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. तुझा लेक पहिल्यांदा तुझ्यावर रुसलाय, वहिनी, आणि त्याची समजूत काढायला तू घरात नाहीस.